काचेवरची तीन मुले

अमेरिकेच्या यादवीत लढणाऱ्या शिपायाच्या गळ्यात ओळखीचा बिल्ला नसे. सरकारने तो कधी दिलाच नाही. लढाईच्या आदल्या रात्री काही जण चिठोऱ्यावर नाव-गाव लिहून कोटाला टाचून ठेवत, काही जण छावणीत येणाऱ्या विक्रेत्यांकडून नाव कोरलेली चकती विकत घेत, आणि बहुतेक जण यातले काहीच न करता झोपी जात. मेलेला माणूस त्याच्या पलटणीतल्या ओळखीच्यांना सापडला, तरच तो नावानिशी पुरला जाई. पलटण मागे हटली आणि मैदान शत्रूच्या हाती गेले, की संपले. गेटिसबर्गच्या राष्ट्रीय दफनभूमीत उत्तरेचे साडेतीन हजारांवर सैनिक पुरले आहेत. त्यांतल्या 979 जणांच्या दगडावर नाव नाही, नुसता आकडा आहे.

एमस ह्युमिस्टन नावाचा एक सार्जंट या 979 मध्ये जाता जाता वाचला. वाचला म्हणजे त्याचे नाव वाचले. माणूस 1 जुलै 1863 लाच, गेटिसबर्गच्या लढाईत, गेला होता. मरताना त्याच्या हातात काचेवर उतरवलेला एक फोटो होता, त्यात तीन लहान मुले होती, आणि त्या फोटोवरून पुढे साडेचार महिन्यांनी त्याचे घर सापडले. अमेरिकेत ही गोष्ट बहुधा इथपर्यंतच सांगितली जाते. मला तिचा आधीचा आणि नंतरचा भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण मधल्या भागात ह्युमिस्टन नावाचा माणूस जवळजवळ नाहीच. आहे तो फक्त एक मृतदेह.

एमसचा जन्म 1830 चा, न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण अंगाला असलेल्या ओवीगो गावातला. लहानपणीच त्याला घोड्यांचा साज शिवण्याच्या धंद्यात उमेदवारीला ठेवले. लगाम, पट्टे, गळपट्टे, गाडीला जुंपायचे सगळे कातडी सामान या कामात येते. रेल्वे आली तरी शेत, लाकूडकाम आणि मालवाहतूक घोड्यांवरच चालत होती, म्हणजे पोट भरणारा धंदा होता. पण उमेदवारी संपली आणि विशीतल्या या पोराने कातडे सोडून समुद्र धरला. मॅसॅच्युसेट्समधले न्यू बेडफर्ड हे तेव्हा जगातले देवमाशांच्या शिकारीचे सर्वांत मोठे बंदर होते. 1850 च्या अखेरीस तिथून निघालेल्या 'हॅरिसन' या जहाजावर तो चढला आणि साडेतीन वर्षे पॅसिफिक महासागरात काढून 1854 च्या वसंतात परतला.

देवमाशाच्या जहाजावर महिन्याचा पगार नसे. फेरी संपल्यावर तेल आणि हाड विकून जे येईल त्यात प्रत्येकाचा ठरलेला वाटा असे, आणि नवशिक्या खलाशाचा वाटा अगदी नगण्य असे. त्यातून जहाजाच्या कोठीतून उचललेले कपडे-तंबाखू वजा होई. अशा फेरीवरून श्रीमंत होऊन परतलेला साधा खलाशी ऐकिवात नाही. एमसही झाला नाही. तो न्यूयॉर्क राज्यात परतला, पुन्हा आरी-दोरा हाती घेतला, आणि त्याच वर्षी 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, फिलिंडाशी लग्न केले. फिलिंडा तरुण विधवा होती. 1855 ला फ्रँक, 1857 ला अ‍ॅलिस, 1859 ला फ्रेड अशी मुले झाली. अ‍ॅलेगेनी नदीकाठच्या पोर्टव्हिल या लाकूडतोडीच्या गावात त्यांनी बस्तान बसवले. ओंडके ओढायला घोडे आणि घोड्यांना साज लागतो, तेव्हा जागा विचार करूनच निवडली असणार.

1861 च्या एप्रिलमध्ये यादवी पेटली तेव्हा तो गेला नाही. पदरी तीन लहान मुले, धाकटे जेमतेम दोन वर्षांचे. गेला तो पुढच्या वर्षी, राष्ट्राध्यक्ष लिंकनने तीन वर्षांच्या मुदतीचे आणखी 3,00,000 स्वयंसेवक मागितले तेव्हा. गावातल्या मंडळींनी मागे राहिलेल्या कुटुंबाकडे पाहण्याचा शब्द दिला, आणि मग त्याने नाव नोंदवले. 154 व्या न्यूयॉर्क पायदळ पलटणीच्या सी कंपनीत तो दाखल झाला. साध्या शिपायाचा पगार महिना 13 डॉलर होता, आणि तोही वेळेवर मिळेल याची खात्री नव्हती.

तो कशासाठी गेला, हा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाला पडणे साहजिक आहे. महाराष्ट्रात ही यादवी दोन कारणांनी माहीत आहे. एक, मुंबईचा कापूस: दक्षिणेतली बंदरे अडल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांनी इकडे धाव घेतली, मुंबईत पैशाचा पूर आला आणि 1865 ला युद्ध थांबताच तो ओसरून शेअरबाजार बुडाला. दुसरे, जोतीराव फुले: 1873 साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले ते गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकनांना. पुण्यातून केलेल्या त्या नमस्कारात पोर्टव्हिलचा हा साज शिवणाराही येतो. मात्र 1862 च्या जुलैत तो निघाला तेव्हा सरकारची हाक संघराज्य टिकवण्याची होती. मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला 1 जानेवारी 1863 ला, तोवर एमस व्हर्जिनियातल्या चिखलात होता. पलटणीतल्या माणसांच्या मनात देश, पगार, शेजाऱ्यांची नजर आणि गुलामीविषयीची चीड कोणत्या प्रमाणात मिसळली होती, हे नंतर बसून मोजणे व्यर्थ आहे.

व्हर्जिनियातला तो हिवाळा शत्रूपेक्षा पोटाने गाजवला. जुलाब, ताप, खारवलेले मांस आणि दगडासारखी बिस्किटे. त्या युद्धात गोळीपेक्षा रोगाने अधिक माणसे मेली, आणि एमसही बराच काळ आजारी होता. जानेवारीत तो सार्जंट झाला. मार्चमध्ये त्याने बायकोला उद्देशून एक कविता लिहिली. ती काही थोर नाही. पण आरी धरणारा हात यमक जुळवायला बसला, यावरून घरची ओढ किती होती ते कळते. त्याचे शुद्धलेखन अगाध होते. शब्द कानाला जसे ऐकू येत तसे तो लिही.

मे महिन्यात चॅन्सलर्सव्हिलला त्याची पलटण पहिल्यांदा खऱ्या लढाईत सापडली, आणि तीही सर्वांत वाईट ठिकाणी. 2 मेच्या संध्याकाळी दक्षिणेच्या स्टोनवॉल जॅक्सनने रानातून मोठा वळसा घालून उत्तरेच्या उजव्या बगलेवर झडप घातली. त्या बगलेवर होती अकरावी कोअर, म्हणजे सैन्याचा एक मोठा विभाग, आणि तिच्यात 154 वी. तिची दोनशेहून अधिक माणसे मारली, जखमी वा कैद झाली. जोर संपलेली एक गोळी एमसला चाटून गेली. जखम म्हणावी असे काही झाले नाही. वर्तमानपत्रांनी मात्र साऱ्या अकराव्या कोअरला पळपुटी ठरवले. तिच्यात जर्मन स्थलांतरितांच्या पलटणी बऱ्याच होत्या, त्यामुळे शिव्या घालणे आणखी सोपे गेले.

या लढाईनंतर आठवडाभराने लिहिलेल्या पत्रात त्याने फिलिंडाला कळवले, की मुलांचा फोटो पोचला, आणि तिने दुसरे काहीही पाठवले असते तरी त्याचा इतका आनंद झाला नसता.

हा फोटो म्हणजे अँब्रोटाइप. ओल्या रसायनाचा थर दिलेल्या काचेवर प्रतिमा घ्यायची, मागे काळा पडदा लावायचा, म्हणजे ती सरळ दिसू लागते. याला वेगळी मूळ प्रत नसते. काच एकच आणि फोटोही एकच. ती फुटली तर संपले, म्हणून पितळी चौकट आणि छोटी डबी. मधे उंच खुर्चीवर चार वर्षांचा फ्रेड, त्याच्या दोन बाजूंना आठ वर्षांचा फ्रँक आणि सहा वर्षांची अ‍ॅलिस. फ्रँकचा सदरा आणि अ‍ॅलिसचा झगा एकाच कापडाचा. एका ताग्यातून दोन मुलांचे कपडे बेतणारी आई घरोघरी असते. पण हेच कापड पुढे ओळख पटवायला उपयोगी पडणार होते.

1 जुलै 1863. पेनसिल्व्हेनियातले गेटिसबर्ग हे जेमतेम 2,400 वस्तीचे गाव. दुपारपर्यंत उत्तरेची फळी गावाच्या वरच्या अंगाला ढासळू लागली होती. मागे हटणाऱ्यांना वेळ मिळावा म्हणून कर्नल कोस्टरच्या छोट्या ब्रिगेडला गावातून पुढे पाठवण्यात आले. गावाच्या ईशान्य कडेला एक वीटभट्टी होती. तिच्या कुंपणामागे तीन पलटणी ओणव्या झाल्या. समोरून लुइझियाना आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या दोन ब्रिगेड आल्या. त्यांची रांग इतकी लांब होती, की तिची दोन्ही टोके या मूठभर लोकांच्या दोन्ही अंगांना पुरून उरली. काही मिनिटांतच माघारीचा हुकूम सुटला, पण सगळ्यांच्या कानी तो पोचला नाही, आणि पोचला त्यांना वाट उरली नव्हती. 154 व्या पलटणीचे अडीचशेच्या वर लोक उतरले होते, त्यांतले दोनशेच्या आसपास गेले, बहुतेक कैदेत. काही जण स्ट्रॅटन रस्त्याने गावाच्या आत पळाले. एमस त्यांतला एक असणार, कारण तो सापडला तो या रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत. त्याच्याजवळ नाव सांगणारे काहीही नव्हते. हातात ती काच होती, शेवटी पाहता यावी अशी धरलेली.

तीन दिवसांची लढाई संपली तेव्हा दोन्हीकडचे मिळून मेलेले, जखमी, कैद आणि बेपत्ता असे सुमारे 51,000 लोक हिशेबात आले. अशा गर्दीत तो फोटो टिकला हेच नवल. गेटिसबर्गच्या पश्चिमेला ग्रेफेनबर्ग नावाच्या वस्तीत खानावळ चालवणाऱ्या बेंजामिन श्रायव्हरच्या मुलीच्या हाती तो आला, आणि बापाच्या खानावळीत लोकांना दाखवण्याची वस्तू होऊन बसला. फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन फ्रान्सिस बोर्न्स जखमींच्या शुश्रूषेला निघाले होते. वाटेत त्यांची गाडी मोडली ती नेमकी त्या भागात. खानावळीत त्यांनी फोटो पाहिला, श्रायव्हरचे मन वळवून तो मागून घेतला आणि घरी नेला. गाडी मोडणे हा प्रसंग एखाद्या कादंबरीत घातला असता तर समीक्षकांनी लेखकाला फाडून खाल्ले असते.

1863 साली वर्तमानपत्रात फोटो छापता येत नसे. त्याचे तंत्रच नव्हते. म्हणून फोटो शब्दांत छापावा लागला. 19 ऑक्टोबरला 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर'मध्ये मजकूर आला; हा बाप कुणाचा, अशा अर्थाचा मथळा. तिन्ही मुलांची अंदाजे वये, मोठा आणि धाकटा मुलगे व मधली मुलगी, धाकटा उंच खुर्चीवर, थोरल्याचे आणि मुलीचे कपडे एकाच कापडाचे, सगळे तपशील होते. देशभरच्या पत्रांनी हे छापावे अशी विनंती होती आणि अनेकांनी ती मानली. बोर्न्स यांनी काचेवरून पुन्हा फोटो घेऊन व्हिजिटिंग कार्डाएवढ्या कागदी प्रतीही काढून घेतल्या होत्या.

महिनाअखेरीस 'अमेरिकन प्रेस्बिटेरियन' या धार्मिक साप्ताहिकाने हा मजकूर घेतला. त्याचा एक अंक पोर्टव्हिलला येत असे. तो फिलिंडापर्यंत पोचला. गेटिसबर्गनंतर नवऱ्याचे पत्र आले नव्हते. कपड्याचा तपशील वाचताना तिला काय वाटले असेल, यावर पुढे अनेकांनी डोळे ओले करून लिहिले आहे. मी त्यात भर घालत नाही. तिच्या वतीने पत्र गेले, फिलाडेल्फियाहून कागदी प्रत आली, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर शंका उरली नाही. एकाच टपालाने तिला मुलांचा फोटोही मिळाला आणि वैधव्यही. दुसऱ्यांदा. 19 नोव्हेंबरच्या अंकात साप्ताहिकाने त्या अनामिकाचे नाव जाहीर केले. त्याच दिवशी गेटिसबर्गला नव्या दफनभूमीचा समारंभ झाला, आणि लिंकनने आपले दोन-तीन मिनिटांचे प्रसिद्ध भाषण केले. एमस आज तिथेच, न्यूयॉर्कच्या विभागात, नावानिशी आहे.

येथून पुढे मला बोर्न्स यांच्याविषयी नीट मत बनवता येत नाही. 1864 च्या जानेवारीत ते स्वतः पोर्टव्हिलला गेले आणि मूळ काच फिलिंडाच्या हाती दिली. हे सगळे भल्या माणसाचे वागणे. पण तोवर कागदी प्रतींची विक्रीही सुरू झाली होती. उत्पन्न अनाथांसाठी, असे जाहीर होते. एमसचाही फोटो हवा होता. युद्धापूर्वीचा एक सापडला, त्यावर चित्रकाराकडून दाढी आणि गणवेश चढवून तो सैनिकाचा केला गेला आणि तोही विकला गेला. मुलांवर कवितेची स्पर्धा झाली, जेम्स क्लार्क या गायकाचे गीत निवडले गेले, त्याच्या स्वरलिपीच्या मुखपृष्ठावर तिन्ही मुले झळकली. घरोघरच्या आल्बममध्ये फ्रँक, अ‍ॅलिस आणि फ्रेड जाऊन बसले. आणि पोर्टव्हिलमध्ये त्यांची आई सरकारच्या महिना 8 डॉलर विधवा-पेन्शनची वाट पाहत शिवणकाम करत होती.

जमलेल्या पैशांतून आणि देशभरच्या, रविवारी भरणाऱ्या धर्मशिक्षणाच्या शाळांच्या वर्गणीतून 1866 च्या शरदात गेटिसबर्गमध्येच, दफनभूमीच्या टेकडीखाली, सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आश्रम निघाला. त्याला 'होमस्टेड' म्हणत. फिलिंडाला तिथे कपड्यांच्या कोठीची नोकरी मिळाली आणि तिची मुले आश्रमवासी झाली. म्हणजे बाप जिथे मारला गेला, त्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर ही तीन मुले वाढू लागली, आणि आश्रमाच्या देणग्या त्यांच्याच चित्रावर येत होत्या. पाहुणे येत, त्यांना ती खरी तीन मुले दाखवली जात. दरवर्षी सैनिकांच्या स्मरणदिनी आश्रमातली मुले दफनभूमीत जाऊन थडग्यांवर फुले ठेवत. त्या रांगेत ह्युमिस्टन भावंडांना आपल्या बापाचे थडगे वेगळे काढता येत होते. बाकीच्या बऱ्याच मुलांना ते भाग्य नव्हते.

फिलिंडा तिथे तीनच वर्षे राहिली. 1869 च्या ऑक्टोबरात तिने एसा बार्न्स या गृहस्थाशी तिसरे लग्न केले आणि ती मॅसॅच्युसेट्समधल्या बेकेट गावी गेली. फोटोवरच्या शोकाकुल मातेने असे करायला नको होते, असे कुणाला वाटले असेलही; तीन मुले आणि 8 डॉलर यांचा हिशेब तिलाच घालायचा होता. वेळही तिने बरी साधली. पुढच्या वर्षी रोझा कारमायकेल नावाची बाई आश्रमाची मुख्य झाली. मुलांना तळघरात डांबणे, मारहाण, थंडीत उभे करणे, शिक्षा म्हणून मुलीला मुलाचे कपडे घालायला लावणे, अशा गोष्टी गावात पसरू लागल्या. 1876 साली तिला मारहाणीच्या आरोपाखाली अटक झाली आणि दंडही झाला, पण ती जागेवर राहिली. मग गावातले माजी सैनिक उठले. पैशांचे हिशेब बोर्न्स यांच्याकडे मागितले गेले, ते नीट मिळाले नाहीत, अफरातफरीचे आरोप झाले, आणि 1877 मध्ये आश्रम बंद पडला. तीन मुलांच्या चित्रातून उभे राहिलेले ते काम अकरा वर्षे टिकले. चांगल्या हेतूने सुरू झालेल्या संस्थेवर देखरेख कोण ठेवणार, हा प्रश्न गेटिसबर्गकरांनीही आपल्यासारखाच शेवटी विचारला.

फ्रँक डार्टमथ कॉलेजात शिकला, डॉक्टर झाला आणि न्यू हॅम्पशरमधल्या जाफ्री गावात त्याने आयुष्यभर दवाखाना चालवला. फ्रेड फिरता विक्रेता, पुढे व्यापारी, बोस्टनजवळ स्थायिक. अ‍ॅलिस अविवाहित राहिली, नोकऱ्या आणि गावे बदलत राहिली, आणि 1933 साली कॅलिफोर्नियात वारली. फिलिंडा 1913 मध्ये गेली. एवढे सगळे देशाला पाठ असताना घरात मात्र बापाचा विषय फारसा निघत नसे. लहानपणी अनोळखी माणसांसमोर त्याच्या नावाने उभे केल्या गेलेल्या मुलांनी मोठेपणी गप्प राहणे पसंत केले असेल, तर मला ते समजू शकते.

एमसची पत्रे मात्र कुटुंबात जपली गेली होती. 154 व्या पलटणीतल्या एका शिपायाचे पणतू मार्क डंकलमन यांनी ती मिळवली, पलटणीची कागदपत्रे धुंडाळली आणि 1999 मध्ये ह्युमिस्टनचे चरित्र प्रसिद्ध केले. त्याआधी, 1993 च्या जुलैत, गेटिसबर्गच्या स्ट्रॅटन रस्त्यावर अग्निशमन केंद्राशेजारी एमसचे स्मारक झाले. सेनापती आणि पलटणी यांच्या शेकडो स्मारकांनी भरलेल्या त्या रणभूमीवर एका साध्या हुद्द्याच्या माणसाच्या नावाचे ते एकमेव स्मारक. तिथे येणारे पाहुणे फोटोविषयी विचारतात. पत्रांत त्या फोटोला एका परिच्छेदाचीच जागा आहे. बाकी पानभर जुलाब, थंडी, न आलेला पगार, घरी यायची इच्छा, आणि मुलांना माझी आठवण करून दे असे चुकीच्या शुद्धलेखनातले निरोप.